ताप नसल्याचा दाखला

"सदर शिक्षिका श्रीमती मार्था जॉर्ज साळवे यांची मी वेळोवेळी तपासणी केली असून त्यांच्या शरीराचे उष्णमान प्रत्येक वेळी प्राकृत आढळले आहे. त्या सांगतात तो ताप त्यांच्या शरीरात नसून मनात आहे. प्रौढ व एकाकी स्त्रियांत, विशेषतः ज्यांचे वाचन प्रकृतीस झेपेल त्याहून अधिक असते अशांत, असे भास आढळतात. यास्तव शाळेतील त्यांची गैरहजेरी आजारपणाची मानता येत नाही."

खाली सही: डॉ. राधाकृष्ण नेवासकर. सहीखाली १९४४ सालच्या एप्रिलातली तारीख, आणि तारखेखाली शिक्का. शिक्का नीट उठावा म्हणून तो दोनदा मारलेला होता.

मार्था माझी धाकटी बहीण. मी पुण्याला मुलींच्या एका महाविद्यालयात संस्कृत आणि न्यायशास्त्र शिकवते. असली वाक्ये मला उत्तरपत्रिकांत दरवर्षी भेटतात, म्हणून दाखला प्रथम वाचला तेव्हा राग आला नाही. हात सवयीने तांबड्या पेन्सिलीकडे गेला.

पहिले वाक्य. "वेळोवेळी" म्हणजे केव्हा? डॉक्टरांचा दवाखाना सकाळी उघडतो आणि जेवणाच्या वेळी बंद होतो. मार्थाचा ताप दिवेलागणीला चढतो आणि पहाटे घामावाटे उतरतो. भर दुपारी आकाश तपासून गावावर चांदण्या नाहीत असा दाखला देण्याची ही रीत आहे. दुसरे वाक्य: ताप नाही, आणि तो मनात आहे. जी वस्तू नाही तिचा पत्ता देणारे प्रमाण कोणते, हे डॉक्टर सांगत नाहीत. तिसऱ्या वाक्यात ते एका बाईला सोडून सगळ्या प्रौढ बायांकडे वळतात, कारण एकीविषयी पुरावा नसला की सगळ्यांविषयी सिद्धान्त मांडणे सोपे जाते. चौथे वाक्य वैद्याचे नव्हेच. ते शाळा कमिटीचे आहे, आणि कमिटीच्या तोंडी घालता यावे म्हणूनच ते लिहिले होते.

एवढे खोडून मी पेन्सिल खाली ठेवली. मला वाटले, दाखल्यात खोडण्यासारखे होते ते सगळे मी खोडले. तसे नव्हते. खरा खोटेपणा पहिल्याच वाक्यात, "तपासणी केली" या दोन साध्या शब्दांत बसला होता, आणि त्यांच्यावरून माझी पेन्सिल न थांबता पुढे गेली होती.

गाव राहात्याच्या अलीकडे, कालव्याच्या काठी. नाव देत नाही. गावाचा दोष एका माणसाच्या दोषाहून मोठा असला, तरी खटला मी एकावरच चालवणार आहे. तिथे गावकऱ्यांनी मुलींची शाळा काढली तेव्हा शिकलेली शिक्षिका मिळेना. मिळाली ती नगरच्या मिशनच्या ट्रेनिंग स्कूलमधून निघालेली, विधवा, महारवाड्यातून ख्रिस्ती झालेल्या घराण्याची. गावाने मन मोठे केले आणि तिला शाळेमागची खोली राहायला दिली. विहीर मात्र दिली नाही. पाणी मुली आणून ओतत. डॉ. नेवासकर त्या वेळी खादी वापरू लागले होते. शाळेच्या बक्षीस समारंभात त्यांनी अस्पृश्यता निवारणावर तासभर भाषण केले, आणि त्यांचे स्वागतगीत मार्थानेच मुलींकडून बसवून घेतले होते.

दाखल्यावरून कमिटीने ठराव केला: मार्थाबाईंनी आजाराचे ढोंग केले, सबब जूनपासून त्यांना कमी करावे. तिच्या बाजूचे कोणाला काही सांगायचे असल्यास मेअखेरच्या बैठकीत सांगावे. ठराव कायम झाला असता तर नोकरी गेली असती, खोली गेली असती, आणि ढोंगी म्हणून काढलेल्या बाईला जिल्ह्यातल्या दुसऱ्या कोणत्या शाळेने उभे केले नसते. शिकवण्याखेरीज तिला दुसरे काही येत नाही. दुसरे काही तिला कधी नको होते.

मी सुट्टीत तिच्याकडे गेले तेव्हा ती ओसरीत मुलींच्या पाट्या पुसत होती आणि चांगली होती. उन्हे उतरली तशी तिने बाहेरचे गोधडे आत आणले. मे महिना होता, भिंती तापलेल्या होत्या, आणि माझी बहीण दात वाजवीत होती. मी पुण्याहून नेलेला थर्मामीटर तिच्या जिभेखाली ठेवला.

"किती?" तिने विचारले.

"एकशे तीन."

ती हसली. "म्हणजे आहे तर. बरं झालं बाई. मलाच वाटायला लागलं होतं, मी सोंगच करतेय की काय."

हे वाक्य मी विसरणार नाही. पाठ आणि सांधे असे दुखत की फळ्यावर वरच्या ओळीपर्यंत तिचा हात जात नव्हता. ताप काही आठवडे येई, मग काही आठवडे जाई. लोकांना वाटे बाई बरी झाली, तोवर पुन्हा येई. त्याच्या या लाटांनीच तिचा घात केला होता. सतत जळणाऱ्या माणसावर गाव विश्वास ठेवते. अधूनमधून जळणाऱ्यावर नाही.

"हे सुरू कधी झालं?"

"आधी ते दुसरं होतं ना, अक्का. अंगातून वाफ आल्यासारखं व्हायचं, कान तापायचे, घाम फुटायचा, मग गार. तेव्हा डॉक्टरांकडे गेले. म्हणाले, उष्णता आहे. शेळीचं दूध घ्या, धारोष्ण. तापवलं की त्यातलं सत्त्व जातं."

"आणि तू घेतलंस."

"रोज. मागच्या अंगणात लंकाबाईची शेळी आहे. पेल्यातच धार काढून देते. डॉक्टरांनी सांगितलेलं कशी मोडणार?"

ते "दुसरं" मला चांगले ठाऊक होते. माझेही वय तेच. वर्गात अनुमानाचे लक्षण सांगत असताना मानेपासून कानापर्यंत विस्तव चढतो, मुली खिडकी उघडायला उठतात, आणि खिडकी उघडेपर्यंत तो उतरलेलाही असतो. थर्मामीटर लावला तर पारा जागचा हलत नाही. ती निसर्गाची खोड आहे. बाईचे दिवस सरत आल्याची. तिला औषध नाही आणि लागतही नाही. मार्थाला झालेले पहिले ते हे, आणि डॉक्टरांनी त्याला रोग ठरवून औषध दिले. त्यानंतर आला तो हा ताप, पारा वर नेणारा, आणि डॉक्टरांनी त्याला भास ठरवले. बाईच्या अंगची उष्णता म्हणजे सगळी एकच, असे एकदा मानले की रोग कुठला आणि ऋतू कुठला हे पाहण्याचे कष्ट वाचतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात गेले. भांडायला नव्हे, प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याच तोंडून ऐकावे, अशी मला शिस्त आहे.

मी पांढरे लुगडे नेसते आणि कपाळावर काही लावत नाही. पुण्यात इतकी वर्षे काढल्यामुळे बोलते पुणेरी. डॉक्टर मला पाहून खुर्चीतून अर्धे उठले.

"या, या. आपण पुण्याच्या?"

"हो."

"बोलण्यावरूनच कळतं हो. काय करता तिकडे?"

"संस्कृत शिकवते."

"वा! या रानात ही भाषा कानावर पडून किती वर्षं झाली. हे घराण्यातूनच येतं. वडिलांचं वाचन असणार."

"वडील खूप वाचीत," मी म्हणाले. ते खरे होते. आमोस उजागरे दर रविवारी नगरच्या ख्रिस्ती देवळात पवित्र शास्त्राचा धडा वाचीत.

डॉक्टरांनी माझ्या कपाळाकडे पाहिले आणि आवाज उतरवला. "चालायचंच. दैव एकेकाचं."

माझे लग्न झालेले नाही. एका मिनिटात त्यांनी मला एक जात, एक शास्त्री वडील आणि एक मेलेला नवरा बहाल केला. नाव मात्र विचारले नाही. अनुमान पूर्ण झाल्यावर प्रत्यक्षाची गरज कोणाला असते? मी एक शब्दही खोटा बोलले नाही, हे नमूद करते.

अंगातून मध्येच वाफा निघतात, असे मी सांगितले. त्यांनी टेबलावरच्या काचेच्या पेल्यातून थर्मामीटर काढला, कापसाने पुसला, झटकला, दोन बोटांत अदबीने धरून माझ्या जिभेखाली ठेवला आणि खिडकीबाहेर पाहत थांबले. मी तोंड मिटून बसले, म्हणून मलाही खिडकीबाहेर पाहण्याखेरीज काम नव्हते.

खिडकीला गज होते. गजांपलीकडे मागची पडवी, आणि पडवीत महारवाड्यातल्या आणि ख्रिस्ती आळीतल्या बाया बसल्या होत्या. खिडकीच्या बाहेरच्या फळीवर पत्र्याचा एक डबा, त्यात थर्मामीटरची दुसरी नळी. दवाखान्यात कामाला असलेली छबूबाई डब्याशी उभी होती.

"लाव गं," डॉक्टर म्हणाले.

छबूबाईने पदर बोटांना गुंडाळून नळी उचलली आणि पुढच्या बाईच्या काखेत चोळीवरूनच सारली. बाईने हात मिटायच्या आत ती काढली आणि गजांशी उभी धरली.

"साधारण," डॉक्टर म्हणाले. "दुसरी."

"अवं डाक्टर, अंगाची लाही व्हतीया," ती बाई म्हणाली.

"उन्हाळा आहे. सगळ्यांचीच होते."

"सरक आता," छबूबाई तिला म्हणाली. "साधारण हाय म्हंत्यात न्हवं? साधारणच र्‍हा."

पडवीत एकदोघी हसल्या. डॉक्टरांनी माझ्या तोंडातला थर्मामीटर काढला आणि खिडकीच्या उजेडाला नेऊन बोटांत हळूहळू फिरवला. पाऱ्याची रेघ केसाएवढी असते. नळी डोळ्याजवळ धरून, नेमक्या कोनात फिरवली तरच ती क्षणभर दिसते. त्यांनी ती फिरवली, गमावली, पुन्हा मिळवली. माझ्यासाठी एवढी काळजी घेणाऱ्या त्या डोळ्यांना खोलीच्या पलीकडची, गजाआडची, न फिरवलेली नळी एका दृष्टिक्षेपात वाचता येत होती. अशी दृष्टी पुराणात ऋषींना असते.

"प्राकृत," ते मला म्हणाले. "काळजी नको. वयाचा धर्म आहे. शेळीचं दूध घ्या. धारोष्ण."

संध्याकाळी मी मार्थाला विचारले, "दवाखान्यात तू कुठे बसायचीस?"

"मागच्या पडवीत."

"नळी तोंडात घालायचे?"

"छे. ती तर चोळीवरूनच लावतात." माझ्या चेहऱ्याकडे पाहून ती गोंधळली. "का गं?"

"मला सांगितलं का नाहीस?"

"त्यात सांगण्यासारखं काय आहे, अक्का? तसंच असतं ना."

तसंच असतं. ती शिकलेली, मुलींना आरोग्याचे धडे देणारी, थर्मामीटर कसा वापरावा हे तिच्याच क्रमिक पुस्तकात चित्रासह छापलेले. पण ती रीत पुस्तकातली होती आणि ही गावातली. दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत, असे तिच्या मनात कधी आले नव्हते. डॉक्टरांनीही खोटे लिहितो आहोत असे समजून दाखला लिहिला नसावा. चोळीवरून नळी फिरवणे म्हणजेच त्यांच्या लेखी त्या बायांची तपासणी होती. संपूर्ण गावात, पीडितेसकट, कोणालाही खटकू नये इतकी ती नेहमीची होती.

तिथे मला राग आला. तो अजून उतरलेला नाही, आणि त्याला लाटाही येत नाहीत.

मार्थाला मी पुण्याला नेले. माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंनी तिची हकीकत ऐकता ऐकताच विचारले, "कच्चं दूध घेता?" दीड वर्षात न सुचलेला प्रश्न विचारायला त्यांना तीन शब्द पुरले. रक्त तपासले. माल्टा ताप. शेळीच्या कच्च्या दुधातून येतो, लाटांनी येतो, सांधे धरतो, वर्षभरही रेंगाळतो. विश्रांती हवी, दूध उकळून हवे. माणूस बहुधा वाचते, जर तोवर कोणी त्याला तापातच फळ्यापुढे आणि ढोंगाचा जाब द्यायला उभे केले नाही तर.

परतताना गाडीत मार्था म्हणाली, "आता तो कागद दाखव आणि सोड, अक्का. क्षमा कर त्यांना."

"तू कर. मी तेवढी चांगली ख्रिस्ती नाही."

"काय करणार आहेस?"

"प्रश्न विचारणार आहे."

"म्हणजे संपलंच," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

बैठक शाळेच्या ओसरीत, शनिवारी दुपारी झाली. अध्यक्ष काकासाहेब, कालव्याखालचे मोठे बागाईतदार, देहाने आणि आवाजाने ऐसपैस. शेजारी सभासद सूर्यभान, किराणा दुकानाचे मालक. कारकून लिहायला. खुर्चीवर डॉक्टर. मार्था भिंतीशी, शाल पांघरून. मी तिच्या शेजारून उठले तेव्हा डॉक्टरांना प्रथम आनंद झाला.

"अरे, आपण! इकडे कशा?"

"मी रेबेका उजागरे. मार्थाची थोरली बहीण."

त्यांच्या चेहऱ्यावर जे झाले ते वर्णिण्यात मला सुख आहे, म्हणून वर्णीत नाही. त्यांनी उजव्या हाताची दोन बोटे, ज्यांनी थर्मामीटर माझ्या तोंडात ठेवला होता ती, नकळत धोतराला पुसली.

पुण्याचा कागद मी टेबलावर ठेवला. डॉक्टर सावरले. "प्रयोगशाळा चुकतात," ते म्हणाले. "काकासाहेब, स्त्रियांच्या अंगच्या उष्णतेची कारणं शंभर असतात. वय, एकटेपणा, जाग्रण, अतिवाचन, मनाचा दुबळेपणा. ताप असता तर तो माझ्या नळीला दिसला असता. पुण्याचं रक्त काही म्हणो, पारा खोटं बोलत नाही."

"पाऱ्याविषयी आपलं एकमत आहे," मी म्हणाले. "आपल्या दवाखान्यात नळ्या किती?"

"दोन. गर्दी असते, म्हणून."

"दोन्हींत फरक?"

"काही नाही. दोन्ही एकाच औषधाने धुतलेल्या. सगळ्यांना रीत एकच. मी भेद मानत नाही, हे गाव जाणतं."

"भाषान झालं हुतं की," काकासाहेब म्हणाले. "लई लांबलं हुतं."

कारकुनाला मी म्हणाले, हे लिहून घ्या: दोन्हींत फरक नाही. त्याने लिहिले. मग काकासाहेबांच्या परवानगीने छबूबाईला दवाखान्यातून दोन्ही नळ्या आणायला सांगितले. एक काचेच्या पेल्यात आली, एक पत्र्याच्या डब्यात. शाळेतल्या तांब्यातले पाणी मी एका पेल्यात ओतले, दोन्ही नळ्या सगळ्यांदेखत त्यात टाकल्या, आणि पेला पदराआड घेऊन चांगला ढवळून पुन्हा टेबलावर ठेवला.

"डॉक्टर, यातली कोणतीही एक घ्या. स्वतःचं उष्णमान मोजून दाखवा. जिभेखाली. रीत एकच आहे ना?"

डॉक्टर पेल्याकडे पाहत राहिले. दोन काचेच्या नळ्या पाण्यात एकमेकींना टेकून होत्या.

"हा पोरखेळ आहे."

"घाला की डाक्टर," काकासाहेब म्हणाले. "सारक्याच हायेत म्हनताय न्हवं?"

"मला ताप नाही, काकासाहेब."

"मार्थाबाईलाबी न्हवता. तरी मोजलाच न्हवं तुमी?"

काकासाहेब हसले, आणि हसता हसता थांबले. काहीतरी त्यांच्या डोक्यात उतरू लागले होते. सूर्यभानांच्या डोक्यात ते आधीच उतरले होते.

"छबूबाई," ते पुढे वाकून म्हणाले, "हिकडं ये. ह्यातली आमची कंची आन् त्यांची कंची?"

छबूबाईने पेल्यात डोकावून पाहिले. "मला काय ठावं, शेटजी. दोनी काचंच्याच."

"रोज तूच धुतीस न्हवं?"

"धुते की. धुताना हिकडची तिकडं झाली आसंल कंदी, कुनी सांगावं?"

"आरं द्येवा! परवाच आमच्या मालकिनीच्या तोंडात घातली हुती!"

"आन् आमच्या सूनबाईच्या," काकासाहेब म्हणाले. ते आता मुळीच हसत नव्हते. "डाक्टर, त्या समद्यांच्या तोंडातली नळी आमच्या घरात आली का न्हाई, येवडं एकच सांगा."

या क्षणाची मी वाट पाहत होते. डॉक्टरांपुढे दोनच वाटा होत्या, आणि दोन्ही मी आदल्या दिवशी चालून पाहिल्या होत्या. दाखला खरा म्हणावा, तर नळी मार्थाच्या तोंडात गेली होती, आणि गावातल्या प्रतिष्ठित घरांची तोंडे त्या नळीने बाटली होती. प्रतिष्ठित घरे शुद्ध म्हणावीत, तर नळी मार्थाच्या तोंडात कधी गेलीच नव्हती, आणि दाखला खोटा होता. एका बाजूला एका शिक्षिकेची नोकरी आणि स्वतःची सही. दुसऱ्या बाजूला सूर्यभानांची मालकीण आणि काकासाहेबांची सूनबाई. डॉक्टर कोणती वाट धरतील याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती.

त्यांनी उत्तर दिले, तेही घाईने, काकासाहेबांकडे तोंड करून, आश्वासन देणाऱ्याच्या सुरात. कारकुनाने ते शब्दशः उतरून घेतले. एक शब्द त्याला ऐकू आला नाही तो मी विचारून घेतला, आणि डॉक्टरांनी तो पुन्हा, अधिक स्पष्ट, उच्चारला.

त्या उत्तराचे पुढे काय झाले ते आधी सांगते, कारण उत्तरानंतर सांगण्यासारखे काही उरत नाही.

कमिटीने ढोंगाचा ठराव तिथेच रद्द केला, मार्थाला बरी होईपर्यंत रजा दिली आणि दिवाळीनंतर ती पुन्हा फळ्यापुढे उभी राहिली. वरच्या ओळीपर्यंत हात जायला तिला आणखी एक उन्हाळा लागला. लंकाबाईची शेळी अजून आहे; दूध आता उकळते. काकासाहेब मला निरोप देताना म्हणाले, "बाई, तुमी वकील व्हायला पायजे हुतं." त्यांना माझ्या बहिणीविषयी वाईट वाटले की नाही, हे मी विचारले नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर माहीत आहे तो मी फक्त डॉक्टरांना विचारते.

दवाखाना ओस पडला. पण मागची पडवी नव्हे. त्या बायांना जायला दुसरे ठिकाण नव्हते. ओस पडली ती पुढची खोली. डॉक्टरांनी एवढे आश्वासन देऊनही छबूबाईचे "दोनी काचंच्याच" हे वाक्य घरोघर पोहोचले होते आणि कोणत्याही घरंदाज बाईचे तोंड त्या टेबलाशी उघडेना. महायुद्धामुळे बाजारात नवी नळी मिळेना. खरोखर त्यांनी ज्या अपराधासाठी शिक्षा भोगायला हवी होती, त्यासाठी गावाने त्यांना एक दिवसही दोष दिला नाही. जो अपराध त्यांच्या हातून घडलाच नव्हता, त्याची शिक्षा दिली. चोळीवरची नळी मी स्वतः पाहिली होती, म्हणून गावाचा हा गैरसमज एका वाक्यात दूर करणे मला शक्य होते. डॉक्टर त्यासाठी पुण्याला माझ्या दारी आलेही. मी त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिले. पाणी त्यांनी घेतले नाही. मी म्हणाले, आपला गावाशी काय तो वाद आहे. मला त्यात ताप दिसत नाही, तो आपल्या मनात असावा.

वर्षअखेरीस ते गाव सोडून गेले. आज ते मोठ्या शहरात आहेत, आणि स्त्रियांच्या विकारांवर व्याख्याने देतात असे ऐकते. म्हणून हे लिहिले. पुढे ते जिथे बसतील तिथे त्यांच्या टेबलाशी तोंड उघडण्यापूर्वी बायांनी, पुढच्या खोलीतल्या आणि मागच्या पडवीतल्याही, त्यांचे स्वतःचे शब्द वाचून ठेवावेत. कमिटीच्या इतिवृत्तातून, काना-मात्रा न बदलता, देते:

"काकासाहेब, आपण अगदी निश्चिंत राहा. त्यांची नळी त्यांच्यापैकी एकीच्याही तोंडात आजवर गेलेली नाही. छबूबाई ती चोळीवरून लावते आणि लगेच काढते. मी ती कधी हातात धरलेली नाही, आणि खिडकीतून पारा कोणालाच दिसत नाही. मी आपला साधारण म्हणतो. या मार्थाबाईंचा ताप मी एकदाही मोजलेला नाही, देवाशपथ सांगतो."